रेलिंग उंच करू नका, बेड खाली आणा

या आठवड्यात आलेलं पत्र थोडं कापून देतेय.

"सिस्टर, माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत. खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेत. वॉकर घेऊन धरून चालतात, दिवसा बरे असतात पण रात्री गोंधळतात, कुठे आहोत तेच कळत नाही. रिमोटवाला बेड भाड्याने आणलाय, दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचं रेलिंग आहे. बेडसोर होऊ नये म्हणून मूळच्या गादीवर हवेची गादी टाकलीय आणि बेडची एक बाजू भिंतीला लावलीय. मागच्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमाराला ते रेलिंगवरून चढायला गेले आणि पडले, कपाळाला टाके पडले. भाऊ म्हणतो रेलिंगला वरून अजून एक पाइप लावू, नाहीतर रात्रीपुरते हात बांधू. बेडवाला म्हणतो सेन्सर आणि अलार्मवाला नवा बेड घ्या. आणि डोक्याकडचा भाग वर केला की बाबा सारखे खाली सरकतात, त्यांना वर ओढून ओढून माझी कंबर गेलीय. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी त्या टाक्यांबद्दल. खुब्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, बाबांना आहेत का ते बघा आणि असतील तर डोक्याला मार लागलाय हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या कानावर आजच घाला. वयस्कर माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू साचून त्रास काही आठवड्यांनीसुद्धा दिसू शकतो. जास्त झोपाळलेपणा, उलटी, डोकेदुखी, बोलण्याचालण्यात फरक, एका बाजूचा हातपाय ढिला वाटणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. बाकीचं मग वाचा.

आता भावाच्या दोन्ही सूचना. भावाला घाई आहे कारण त्याला भीती वाटतेय, मला समजतं, पण दोन्ही करू नका. बाबा रेलिंग कमी उंच होतं म्हणून पडले नाहीत, त्यांना उठायचं होतं आणि मधे रेलिंग होतं म्हणून ते त्याच्यावर चढले. गोंधळलेल्या माणसाला रेलिंग म्हणजे "इथे थांबा" असं कळत नाही हो, त्याला ते कुंपण वाटतं, आणि माणूस कुंपण ओलांडतो. तुम्ही अजून एक पाइप लावलात तर ते अजून वर चढतील आणि अजून उंचावरून पडतील, बहुतेक डोक्यावरच. हात बांधले तर माणूस जास्त बिथरतो, जास्त ओढाताण करतो, त्यात कातडी सोलते, आणि बांधलेल्या अवस्थेत खाली सरकला तर श्वास अडकू शकतो. मी ३० वर्षं वॉर्डमध्ये काढली, हात बांधल्यामुळे शांत झोपलेला पेशंट मला एकही आठवत नाही.

आणि रेलिंगमुळे नुसतं पडणंच होतं असं नाही. माझ्या वॉर्डमध्ये एक आजोबा होते, दोन्ही रेलिंग वर, नवी मऊ गादी, आम्हाला वाटलं एकदम सुरक्षित. पहाटे राउंडला गेले तर ते रेलिंग आणि गादीच्या मधल्या फटीत घसरलेले, छाती अडकलेली, आवाजसुद्धा निघत नव्हता. वेळेवर सापडले म्हणून वाचले. तो प्रसंग मी विसरू शकत नाही. म्हणून तुमच्या पत्रात "हवेची गादी" आणि "भिंतीला लावलीय" हे दोन शब्द वाचल्यावर मला बाबा पडल्यापेक्षा या दोन गोष्टींची जास्त काळजी वाटली.

हे क्वचित होतं पण होतं. अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, १९८५ ते २००९ या काळात माणसं बेडच्या रेलिंगमध्ये अडकल्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली, त्यातले ४८० जण गेले. बहुतेक सगळे वयस्कर, अशक्त किंवा गोंधळलेले, म्हणजे बाबांसारखेच. ब्रिटनमध्येही औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या एमएचआरएने २०२३ च्या ऑगस्टमध्ये रेलिंग आणि बेडच्या पकडदांड्यांबद्दल देशभर इशारा काढला, म्हणजे हा काही जुना संपलेला विषय नाहीये.

यातून जे नियम आले ते तुम्हाला घरी मोजपट्टी घेऊन वापरता येतील म्हणून सांगते. एफडीएने २००६ साली बेडवर माणूस अडकू शकतो अशा ७ जागा ठरवल्या आणि त्यातल्या ४ जागांची मापं दिली. साध्या भाषेत डोकं आत जाता कामा नये म्हणून १२ सेंटिमीटर, आणि मान अडकता कामा नये म्हणून ६ सेंटिमीटर. रेलिंगच्या दोन दांड्यांमधली फट १२ पेक्षा कमी हवी, रेलिंगच्या खालची फट १२ पेक्षा कमी, रेलिंग आणि गादीच्या कडेमधली जागा १२ पेक्षा कमी, आणि रेलिंग जिथे संपतं तिथे त्याच्या खालच्या टोकाशी जी फट राहते ती ६ पेक्षा कमी. उरलेल्या तीन जागा म्हणजे दोन अर्ध्या रेलिंगच्या मधली, रेलिंगचं टोक आणि डोक्याकडची किंवा पायाकडची फळी यांच्यामधली, आणि फळी आणि गादी यांच्यामधली. त्यांना तेव्हा आकडे दिले नाहीत पण बघायच्या त्याही, डोळ्याने आणि हात घालून.

मोजताना एक गोष्ट लोक चुकतात. गादी मधोमध नीट ठेवून मोजतात आणि म्हणतात छान आहे, फट नाही. असं नाही मोजायचं. गादी दुसऱ्या बाजूला पूर्ण ढकला आणि मग मोजा, कारण रात्री माणूस कुशीवर वळला की गादी अशीच सरकते. शिवाय कडेवर हाताने जोरात दाबून बघा. हवेच्या गादीची कड दाबली की खाली जाते आणि मगाशी नसलेली फट उघडते. आणि बेड सपाट असताना एकदा आणि डोक्याकडचा भाग वर केल्यावर परत एकदा मोजा, पाठ वर गेली की रेलिंगचं आणि गादीचं नातं बदलतं, सपाट असताना पास झालेला बेड वर केल्यावर नापास होतो. फटीत उशी कोंबून ठेवू नका, उशी दबते आणि निघून जाते. गादी बेडच्या मापाचीच पाहिजे, नाहीतर फटीसाठी कडक फोमची लांब पट्टी मिळते ती बांधून बसवायची.

आता दोन गाद्यांचा हिशोब. वैद्यकीय बेडचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे त्यात रेलिंगची वरची कड न दबलेल्या गादीच्या वर निदान २२ सेंटिमीटर हवी असं आहे. बेडवाल्याने बेड दिला तेव्हा त्याच्या गादीवर तेवढं असेलही, पण तुम्ही वरून हवेची गादी टाकली की बाबाच तेवढे वर आले आणि रेलिंग आपोआप बुटकं झालं. म्हणजे भावाला जे रेलिंग कमी उंच वाटतंय ते खरं गादीमुळे झालंय. बेडसोरची काळजी बरोबर आहे तुमची, ती सोडू नका, पण दोन गाद्यांच्या ऐवजी त्या बेडच्या मापाची, कडा कडक असलेली एकच गादी मिळते का विचारा.

भिंतीचंही तसंच. बेड भिंतीला लावला की एक बाजू बंद झाली असं वाटतं, पण बेडची चाकं थोडी जरी सरकली तरी भिंत आणि गादीच्या मधे फट पडते आणि ती फट कुणाला दिसत नाही कारण त्या बाजूला कुणी जातच नाही. बेड भिंतीपासून चांगला लांब घ्या, दोन्ही बाजूंनी माणूस फिरू शकेल एवढा. तुमच्या कंबरेलाही तेच बरं आहे.

मग पडू नयेत म्हणून करायचं काय? बेड खाली आणा. एवढंच, आणि हेच सगळ्यात मोठं. तुमचा रिमोटचा बेड आहे तर त्यात पूर्ण बेड वरखाली होतो का ते बघा, नुसती पाठ आणि पाय नाही, अख्खा बेड. बऱ्याच घरांत मी बघितलंय की अंग पुसायला बरं पडतं म्हणून बेड वर घेतात आणि मग तो तसाच राहतो, रात्रीसुद्धा. उंची बदलता येणं ही या बेडची सगळ्यात महत्त्वाची सोय आहे आणि लोक तीच वापरत नाहीत! फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी १९व्या शतकातच लिहून ठेवलंय की पलंग सोफ्यापेक्षा उंच असला तर चढण्याउतरण्याच्या थकव्यानेच पेशंटला थोडं हिंडता-फिरता येणं आणि न येणं एवढा फरक पडतो. तेव्हा मोटर नव्हती, आता आहे.

तर तीन उंच्या ठरवा. तुम्ही अंग पुसताय, कपडे बदलताय, कूस बदलताय तेव्हा बेड तुमच्या कंबरेपर्यंत वर. बाबांना उठवून उभं करायचंय तेव्हा बेड त्यांच्या गुडघ्याएवढा किंवा किंचित वर, म्हणजे कडेला बसल्यावर तळपाय जमिनीवर सपाट टेकतील, फार खालून उठवलं तर खुबा जास्त वाकतो आणि ऑपरेशननंतर ते चालत नाही. आणि झोपले की बेड एकदम तळाला. आता अगदी खाली जाणारे बेड मिळतात, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत जाणारे, गोंधळणाऱ्या पेशंटसाठी मी तेच निवडीन. तुमचा तेवढा जात नसेल तर बेडवाल्याला बदलून मागा, अलार्मच्या आधी हे मागा. रात्री उतरायच्या बाजूला पातळ, कडा उतरत्या असलेली मॅट टाका, सकाळी उचलून ठेवा, नाहीतर वॉकर त्याला अडखळतो.

एक खरं सांगते, बेड तळाला असला तरी बाबा कधीतरी खाली येतील. पण वीतभरावरून घरंगळणं आणि रेलिंगच्या टोकावरून कोसळणं यात हाड मोडण्याचा फरक आहे.

पूर्ण लांबीच्या रेलिंगऐवजी डोक्याकडे अर्धं रेलिंग ठेवा आणि पायाकडचं उतरायची बाजू म्हणून मोकळं सोडा, ऑपरेशन न झालेल्या पायाची बाजू उतरायला घेतलीत तर बरं, फिजिओथेरपिस्टला दाखवून ठरवा. अर्धं रेलिंग कुंपण होत नाही, पकडायला दांडा होतो, कूस बदलायला आणि उठून बसायला उपयोगी पडतो. फक्त वरची मापं त्यालाही लागू आहेत.

आता घसरण्याचं, ज्याने तुमची कंबर गेली. हा बेडच्या डिझाइनचा जुनाच प्रश्न आहे. १९०९ मध्ये विलिस गॅच नावाच्या अमेरिकन सर्जनने पाठ आणि गुडघे दोन्हीकडे वाकणारा बेड मांडला, त्याआधी पेशंटला बसतं करायचं म्हणजे उशांचे ढीग आणि माणूस सारखा खाली. गॅचने गुडघ्याखाली उंचवटा दिला म्हणून पेशंट जागेवर राहायला लागला. शंभर वर्षांहून जास्त झाली आणि आपण अजून रिमोटवर फक्त पाठीचं बटण दाबतो आणि गुडघ्याचं विसरतो! आधी गुडघे थोडे वर, मग पाठ. खाली आणताना उलटं, आधी पाठ मग गुडघे. बाबांचा खुबा किती वाकलेला चालेल ते मात्र सर्जनला विचारून तेवढंच करा. टाचांखाली दाब येऊ देऊ नका, पोटरीखाली मऊ आधार देऊन टाचा अधांतरी ठेवा.

दुसरं कारण जास्त सापडतं. बेड जिथे मोडतो त्या घडीवर बाबांचा खुबा यायला पाहिजे. माणूस थोडा खाली सरकलेला असतो, घडी येते कंबरेच्या वर, मग पाठ वर केली की माणूस छातीतून वाकतो, पोट दाबलं जातं, श्वास लागतो आणि अजून खाली सरकतो. त्यात हाडं खाली जातात आणि कातडी चादरीला चिकटून वर राहते, ही जी आतल्या आत ओढाताण होते त्यानेच माकडहाडाजवळ बेडसोर सुरू होतो, एवढी हवेची गादी टाकूनसुद्धा. म्हणून पाठ वर करायच्या आधी बेड सपाट, कंबरेएवढा वर, खाली घसरती चादर म्हणजे स्लाइड शीट, दोघांनी दोन बाजूंना उभं राहून एकदम वर सरकवायचं, उचलायचं नाही. काखेत हात घालून ओढणं आजपासून बंद. कायम ठेवायचं असेल तर पाठ ३० अंशांपर्यंतच ठेवा, जेवताना आणि जेवणानंतर थोडा वेळ नीट बसतं करा. नळीने अन्न चालू असतं तेव्हा ३० ते ४५ ठेवतात, तुमच्याकडे तसं नाहीये म्हणून त्यात जात नाही. काही बेडला कडेला अंश दाखवणारा काटा असतो, तो वापरा, डोळ्यांनी अंदाज हमखास चुकतो.

नव्या बेडमध्ये बघायचंच असेल तर मला हे डिझाइन आवडतं, पाठीचा भाग वर जाताना थोडा मागेही सरकतो. त्यामुळे पोटाला जागा राहते, पेशंट खाली ढकलला जात नाही. दिसायला काही नाही, जाहिरातीत कुणी सांगणार नाही, पण ओढणाऱ्या माणसाची कंबर वाचवणारी गोष्ट आहे. चांगलं डिझाइन असंच बघून बघून येतं. १९६० च्या दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ब्रूस आर्चर आणि त्यांच्या टीमने ब्रिटनच्या हॉस्पिटलांसाठी बेड केला तेव्हा त्यांनी आधी नर्सेस काय काय करतात ते बघितलं आणि बेडचे नमुने खऱ्या वॉर्डमध्ये वापरून घेतले. मला त्यांचं हे फार पटतं, बेड कागदावर ठरत नाही.

अलार्मवाला बेड घ्यावा का? बाबांचं वजन गादीवरून हललं की तो वाजतो, थांबवत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या १६ वॉर्डांचा अभ्यास आला, त्यात काही वॉर्डांत अलार्मचा वापर वाढवला, तरी पडण्याच्या घटनांत लक्षात येण्याएवढा फरक पडला नाही. वॉर्डमध्ये कसं होतं मी सांगते ना, अलार्म वाजेपर्यंत पेशंटचा पाय खाली आलेला असतो आणि मी तीन बेड पलीकडे असते. घरी तुम्ही शेजारच्या खोलीत असाल आणि आवाजाने लगेच उठत असाल तर उपयोग आहे, पण त्यासाठी अख्खा बेड बदलायची गरज नाही, गादीखाली ठेवायचा साधा सेन्सर पॅड मिळतो. बेडखाली मंद दिवा असेल तर तो जास्त कामाचा, अंधारात उतरणाऱ्याला जमीन दिसते. आणि रिमोट रात्री लॉक करून ठेवा, बऱ्याच बेडला पायाकडे लॉक असतो, गोंधळलेल्या हातात बटण आलं की ते बेड उंच करून ठेवतात.

बेड खाली घेताना मात्र दरवेळी वाकून बघायचं, खाली भांडं, वायर, लहान मूल, मांजर काहीही असू शकतं आणि मोटरला ते कळत नाही. वायर हलत्या भागांतून जात नाही ना आणि कुठे चेपलेली नाही ना तेही बघा. बेड हलवला की लगेच ब्रेक, आणि ब्रेक लावल्यावर मांडीने ढकलून बघायचा. लाईट गेली तर बेड खाली कसा आणायचा, आणि एकदम सपाट करायचा हातातला दांडा कुठे आहे, हे बेडवाल्याकडून समोर करून दाखवून घ्या. तुम्ही आणि भाऊ दोघांनी.

आणि बाबा दोन वाजता का उठतात हे कुणी विचारलंय का? मला खात्रीने वाटतंय की लघवीला. तीन-चार रात्री वेळ लिहून ठेवा, आणि मग त्याच्या अर्धा तास आधी तुम्ही उठून भांडं द्या किंवा कमोड खुर्चीवर बसवा. नसेल तसं तर दुखत असेल, घसा कोरडा पडत असेल, किंवा झोपेच्या गोळीनेच गोंधळ वाढत असेल, आणि हा रात्रीचा गोंधळ ऑपरेशननंतर नव्याने सुरू झालाय की आधीपासून होता हे डॉक्टरांना नीट सांगा, लघवीतलं इन्फेक्शनसुद्धा म्हाताऱ्या माणसाला असं भ्रमात टाकतं. जागे झाले की समोर घड्याळ दिसू द्या, चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर हाताशी ठेवा.

आज संध्याकाळी भावाला मोजपट्टी द्या, त्यालाच करू द्या, त्याला काहीतरी करायचंय ना. गादी ढकलून चारही मापं घ्यायची, सपाट बेडवर एकदा आणि पाठ वर करून एकदा, शिवाय गादीच्या वर रेलिंग किती उरतं आणि बेड सगळ्यात खाली किती जातो हेही. आकडे मला पाठवा. फट १२ च्या वर, किंवा रेलिंगच्या टोकाशी ६ च्या वर निघाली तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, वरची हवेची गादी आज रात्रीच काढा, पूर्ण रेलिंग खाली करा, बेड तळाला न्या, तुमच्यापैकी एकाने त्याच खोलीत झोपा आणि दर दोन तासांनी त्यांची कूस बदला.